कोरियन वेबटूनमधला 'ग्रे' हिरो खरंच ग्रे असतो का? (स्पॉयलर भरपूर)

जागरणवाली

आधीच सांगून ठेवते, 'सोलो लेव्हलिंग', 'वीक हीरो', 'अ किलर पॅराडॉक्स', 'टॉवर ऑफ गॉड' यांपैकी काही वाचायचं-बघायचं बाकी असेल तर इथूनच मागे फिरा. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका.

'सोलो लेव्हलिंग'चं अ‍ॅनिमे बघितलं, पुढचा सीझन येईपर्यंत धीर धरवेना म्हणून वेबटून (फोनवर खाली सरकवत वाचायची कोरियन चित्रकथा) उघडलं, आणि तेव्हापासून रात्रीची झोप गेली ती गेलीच. आता अशी गत आहे की नवी मालिका उघडली की पहिल्या दोन भागांतच अंदाज येतो. पोरगा मार खाणार, सगळे हसणार, मग त्याला काहीतरी घबाड मिळणार (फक्त त्यालाच दिसणारी, व्हिडिओ गेमसारखे हुकूम सोडणारी सिस्टीम, दुसरं देखणं शरीर, भविष्याचं ज्ञान, कोंबड्याचा मुखवटा घालून व्हिडिओतून मारामारी शिकवणारा गुरू), आणि मग तो एकेकाचा हिशेब चुकता करणार. मुखपृष्ठावर डोळे लाल. वर्णनात हमखास लिहिलेलं की हा काही नेहमीसारखा सज्जन हिरो नाही बरं का, 'ग्रे' आहे, म्हणजे ना धड पांढरा ना धड काळा.

माझं घोडं पेंड खातंय ते इथेच. 'सोलो लेव्हलिंग'मधला ह्वांग डोंगसुकच्या टोळीचा प्रसंग आठवा. हिरो सुंग जिनवू आणि यू जिनहो या दोघांना ही टोळी निव्वळ संख्या भरायला सोबत घेते, आणि बॉसच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या राक्षसाच्या, गुहेत कोंडून बाहेरची वाट बंद करून टाकते. जिनवू आतल्या अजस्र कोळ्याला मारतो. टोळी परत येते आणि जिनहोला म्हणते, याला तू मार, मग तुला सोडतो. जिनहो नाही म्हणतो. आता खरा पेच. समोर राक्षस नाहीत, माणसं आहेत, आणि जिनवूने आजवर माणूस मारलेला नाही. नेमकी त्याच क्षणी सिस्टीमची खिडकी उघडते: शत्रूंना ठार कर, नाहीतर तुझं हृदय बंद पडेल.

वाचताना टाळी वाजवावीशी वाटली आणि पाठोपाठ फसवल्यासारखंही वाटलं. लेखकाने त्याला माणसं मारायला लावली आणि त्याच हाताने त्याच्या खिशात माफीपत्र सरकवलं. टोळी आधीच खुनी, वर हृदय बंद पडायची धमकी, म्हणजे निवड करायचा प्रश्नच मिटला. नंतर आपल्याला काहीच कसं वाटत नाही म्हणून तो जरासा चमकतो, आणि गाडी पुढच्या लेव्हलकडे.

तर प्रश्न असा: हे 'ग्रे' म्हणतात ते खरंच ग्रे असतं, की जुनाच हिरो काळा कोट घालून आलेला असतो? आणि ठरलेला साचा मनापासून मोडणारी अ‍ॅक्शनवाली वेबटून्स कोणती? रडकी नकोत. हाणामारी हवीच आहे.

मागचा बाक

इतका कीस काढून मारामारी वाचायची असते होय? (दिवे घ्या.)

मी शाळेत मार खाणाऱ्यांपैकी होतो. मला 'वीक हीरो' वाचताना कसलाही नैतिक पेच पडला नाही, आणि पडायला हवा होता असं अजूनही वाटत नाही. सेओपास आणि किम जिन-सोक यांचं हे वेबटून नेव्हर या कोरियन वेबटून-मंचावर २०१८ ला सुरू झालं. हिरो अंगाने काडी, अभ्यासात पहिला, आणि मारामारीत नियम पाळायच्या भानगडीत न पडणारा. पेन, पुस्तक, पडदा, जे हाताला लागेल ते. समोरचा कुठे कच्चा आहे हे आधी हेरतो आणि मग तिथेच घाव घालतो. इंग्रजी आवृत्तीत त्याचं नावच 'ग्रे' आहे, घ्या!

कोरियात शाळेतल्या छळाविरुद्ध २००४ पासून वेगळा कायदा आहे. वयाची १४ वर्षं पूर्ण नसतील तर फौजदारी शिक्षा होत नाही. म्हणजे कायदा आहे, समित्या आहेत, आणि मार खाणारा पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वर्गात त्याच बाकावर. अशा पोराला कागदावर तरी कुणीतरी न्याय देत असेल तर त्यात खोट कशाला काढायची? ग्रे वगैरे चैन ज्यांनी मार खाल्ला नाही त्यांची.

उलटतपास

जागरणवाली, बोट बरोबर ठेवलंत. मागचा बाक, तुमच्याकडे नंतर येते.

मी फौजदारी वकिली करते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. त्यामुळे वाचायची खोड जरा वाकडी आहे. हिरोने कुणाला कसं बडवलं याआधी मी शोधते की हाच तो माणूस हे हिरोला कळलं कसं. आणि निम्म्याहून जास्त वेबटून्समध्ये याचं उत्तर एकच असतं: आपण वाचकांनी गुन्हा होताना पाहिलेला असतो. जवळून, रंगीत, खलनायकाच्या दातांसकट. शंकेला जागाच नाही. हिरो जे करतो ती शिक्षेची अंमलबजावणी, खटला आपण आधीच दहा पॅनलमध्ये उरकलेला असतो.

'व्हिजिलान्टे' घ्या (२०२३ ला डिस्नी प्लसवर त्याची मालिका आली). किम जी-योंग पोलीस विद्यापीठात शिकतो. लहानपणी त्याच्या आईला एका गुंडाने मारून मारून ठार केलं आणि तो गुंड हलक्या शिक्षेवर सुटला. आता हा आठवडाभर कायदा शिकतो आणि सुट्टीच्या दिवशी असल्याच सुटलेल्यांना गाठून मारतो. कल्पना झकास. त्यात चांगल्या जागाही आहेत: बातमीदार बाई त्याला नाव देते आणि त्याच्या जिवावर आपलं करिअर उभं करते, एक गडगंज उद्योगपती त्याचा भक्त बनतो. भक्ताला कारणाशी घेणंदेणं नाही, त्याला फक्त थरार हवाय, आणि तो हिरोच्या शेजारी उभा राहिला की हिरोसुद्धा जरा विद्रूप दिसायला लागतो. हे लेखकाने जाणून केलंय. पण सगळी मालिका चुकीच्या माणसाला हात न लावता पार पडते. जी-योंगचा निशाणा चुकला असता तर? एकदाच? मग ग्रे काय ते दिसलं असतं.

या गोष्टी तिकडेच इतक्या का पिकतात तेही बघा, नाहीतर उगीच तुच्छतेने बोलल्यासारखं होईल. दक्षिण कोरियात शेवटची फाशी ३० डिसेंबर १९९७ ला झाली. कायद्यात फाशी आहे, अंमल नाही. २००८ मध्ये अन्सान शहरात आठ वर्षांच्या मुलीवर भयानक अत्याचार झाला. आरोपी दारूच्या नशेत होता म्हणून शिक्षा सौम्य होऊन १२ वर्षं झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये तो सुटलाही. त्याच्या सुटकेच्या दिवशी लोक रस्त्यावर उतरले होते. स्वसंरक्षण मान्य करण्यातही तिथली न्यायालयं हात आखडते घेतात अशी जुनी तक्रार आहे. बळजबरी करणाऱ्याची जीभ चावून तोडणाऱ्या एका तरुणीला १९६५ मध्ये शिक्षा झाली होती. तिला निर्दोष ठरवलं गेलं सप्टेंबर २०२५ मध्ये. साठ वर्षांनी! असा संताप साचलेला असेल तर 'व्हिजिलान्टे'ला वाचक मिळणारच.

आता याच संतापाची दुसरी बाजू, जी वेबटूनमध्ये जवळजवळ येत नाही. २०२० मध्ये तिथे 'डिजिटल तुरुंग' नावाची एक वेबसाइट निघाली. न्यायालय शिक्षा देत नाही ना, मग आम्ही गुन्हेगारांची नावं, फोटो, फोन नंबर चव्हाट्यावर मांडतो, असा तिचा बाणा. त्या यादीत एका वैद्यकीय प्राध्यापकाचं नाव चुकीने चढलं. एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्याचंही नाव लागलं. मी तो नव्हेच, असं सांगत राहिलेला हा पोरगा त्याच सप्टेंबरात मेला. २०२४ मध्ये पुन्हा तेच. मिर्यांगच्या २००४ सालच्या सामूहिक बलात्काराचे आरोपी शोधून काढायची यूट्यूबवाल्यांत चढाओढ लागली आणि काही भलत्याच लोकांची नावं त्यात गोवली गेली. त्यांच्याजवळही 'पुरावा' होता. त्यांनीही दहा पॅनलमध्ये खटला उरकला होता.

म्हणून माझ्या लेखी या विषयावरचं खणखणीत काम एकच, 'अ किलर पॅराडॉक्स'. नेटफ्लिक्सची २०२४ ची मालिका बहुतेकांनी पाहिली असेल, पण मूळ वेबटून २०१०-११ चं, क्कोमाबी आणि नोमाबी या टोपणनावांचं. चार चौकटींची विनोदी चित्रमालिका असावी तशी मांडणी, मोठाली डोकी, इवलेसे हातपाय. ली तांग हा दुकानात रात्रपाळी करणारा पोरगा. एका दारुड्याशी वाद होतो, मार बसतो, हातात हातोडी असते आणि माणूस मरतो. दुसऱ्या दिवशी कळतं की मेलेला इसम पोलिसांना हवा असलेला खुनी होता. मग एक साक्षीदार बाई त्याला पैशांसाठी पिळायला लागते. तो तिलाही मारतो. तीही खुनी निघते. पुरावे आपोआप नाहीसे होत जातात.

कुठल्याही दुसऱ्या वेबटूनमध्ये लेखक हे गुपचूप करतो. हिरो ज्याला मारणार तो नालायकच असेल अशी आधीच व्यवस्था करून ठेवतो. इथे ती व्यवस्था उघड्यावर आणून ठेवली आहे. ली तांगला मारताना काहीच माहीत नसतं, माहीत होतं ते नंतर. मग तो चांगला माणूस की नशीबवान खुनी? आणि त्याचं त्याला तरी कळतं का? हळूहळू तो समजायला लागतो की आपल्याला वाईट माणूस ओळखता येतो. मला तिथे खरी भीती वाटली. तशी खात्री असलेले लोक मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पाहिले आहेत, आणि ते खोटं बोलत नसतात, हीच त्यातली अडचण असते.

पुढे साँग चोन येतो, माजी पोलीस, तोही 'लायकी नसलेल्यांना' मारत फिरणारा. फरक एवढाच की त्याच्यामागे दैव उभं नाही. ली तांगमधून नशीब वजा केलं की जे उरतं ते हा म्हातारा. दोघं समोरासमोर येतात तेव्हा कुणाच्या बाजूने उभं राहायचं ते सांगा.

मागचा बाक, तुमचा मुद्दा खोडत नाही. मार खाणाऱ्याला झटपट न्याय हवा असणं यात काही गैर नाही. पण तो न्याय आहे म्हणा, ग्रे म्हणू नका. तुमच्या हिरोइतका पांढरा हिरो शोधून सापडायचा नाही.

शाईडाग

वरचा प्रतिसाद वाचून आधी वाचनखूण साठवली.

मी चित्रं काढतो, त्यामुळे थोडं कारागिरीच्या बाजूने. ग्रे हिरो टिकत नाही याला हप्त्याचं गणित कारण आहे. दर आठवड्याला साठ-सत्तर चौकटी, रंगासकट, आणि शेवटच्या चौकटीत असं काहीतरी की वाचक पुढचा भाग पैसे मोजून आधीच उघडेल. काकाओ या दुसऱ्या मंचाने २०१४ मध्ये 'थांबा आणि फुकट वाचा' आणलं, नेव्हरवर 'कुकी' विकत घेऊन पुढचे भाग वाचता येतात. आता विचार करा, वाचक पैसे कशाचे मोजेल? हिरो पुढच्या भागात त्याला तुडवणार, याचे. हिरो पुढच्या भागात विचारात पडणार, याचे कोण देईल? सूड लांबला की तिथले वाचक 'रताळं' म्हणून ओरडतात, घशात अडकलं म्हणे, आणि सूड झाला की 'साइडा', म्हणजे थंडगार सोड्याची बाटली. लेखकाला हे सगळं कमेंटमध्ये त्याच रात्री वाचायला मिळतं. अशा दबावाखाली जो शंका शिल्लक ठेवतो त्याला माझा दंडवत.

माझ्याकडून 'द बॉक्सर'. जेएच या नावाने लिहिणाऱ्या-काढणाऱ्या माणसाचं, २०१९ ते २०२२. खेळाच्या गोष्टीचा साचा आपल्याला पाठ आहे: कमनशिबी पोरगा, कष्ट, हार, पुन्हा कष्ट, शेवटी विजय. इथे तो साचा शाबूत आहे, फक्त तो प्रतिस्पर्ध्यांना देऊन टाकलाय! हिरो यू हा जन्मजात राक्षसी प्रतिभेचा, भावना गोठलेला, जिंकायचीही इच्छा नसलेला मुलगा. के नावाचा प्रशिक्षक त्याला उचलतो तो मायेने नव्हे, हत्यार म्हणून. आणि मग प्रत्येक लढतीआधी समोरच्याची गोष्ट येते, त्याचं बालपण, त्याचं वचन, त्याने गमावलेलं माणूस. दोन भागांत आपण पुरते त्याचे होतो. मग घंटा वाजते आणि आपला 'हिरो' त्याला विझवून टाकतो.

जपानी मुष्टियोद्धा ताकेदा युतो पडतो आणि उठतो, पडतो आणि उठतो. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत हा माणूस जिंकला असता, कारण उठून उभं राहणाऱ्यानेच जिंकायचं असतं असा अलिखित करार आहे. मी स्क्रोल करताना हिरो हरावा म्हणून देव पाण्यात घातले होते.

चित्रातही बघण्यासारखं आहे. छापील पानावर नजर एकदम सगळ्या पानावर पडते, ठोसा बसणार हे डोळ्याच्या कोपऱ्यातून आधीच दिसतं. फोनवर तसं नाही. अंगठा वर ढकलेपर्यंत पुढचं कळत नाही. चित्रकार मधे नुसती रिकामी काळी किंवा पांढरी जागा सोडतो, लांबच लांब. तेवढा वेळ तुम्हीच ठोसा हवेत धरून ठेवता, आणि मग अंगठा सरकवून तुम्हीच तो मारता. उभ्या स्क्रोलमधला हिंसाचार वाचकाच्या हाताने होतो, म्हणून तिथे शंका पेरायची संधीही जास्त असते. बहुतेक जण ती वाया घालवतात. जेएच नाही घालवत.

अवांतर: 'बास्टर्ड' अ‍ॅक्शन नाही पण वाचाच. कार्नबी किम आणि ह्वांग योंग-चान, २०१४ ते १६. बाप प्रतिष्ठित उद्योजक आणि मालिका खुनी, मुलगा दुबळ्या हृदयाचा आणि त्याचा नाइलाजाने साथीदार. याच जोडीचं पुढचं 'स्वीट होम'.

तळमजला

'टॉवर ऑफ गॉड'चं नाव शीर्षकाखालच्या इशाऱ्यात आहे आणि रेचलबद्दल अजून कुणी अवाक्षर काढलं नाही? मग ही केस मी घेते. उलटतपास, तुम्ही खऱ्या वकील, मी बिनफीची.

एसआययू या टोपणनावाच्या लेखकाने २०१० मध्ये सुरू केलेली ही गोष्ट. अंधारात एकटा वाढलेला बाम, त्याचं एकमेव माणूस रेचल. ती मनोऱ्यात शिरते, तो तिच्या मागे शिरतो. सगळ्यांना वाटलं की ही हिरोइन, शेवटी सापडणार, मिठी वगैरे. पहिल्या सीझनच्या शेवटी, पाण्याखालच्या परीक्षेत, ज्याने तिला पाठीवर घेऊन इथवर आणलं त्यालाच ती ढकलून देते.

आणि लोक तिला जे शिव्या घालतात! खुनी, हुकूमशहा, नरसंहार करणारी पात्रं त्या मालिकेत पोत्याने आहेत, त्यांचे चाहते आहेत. एवढ्या शिव्या मात्र हिलाच. का? कारण तिने साच्याशी बेइमानी केली. मनोऱ्याचं दार तिच्यासाठी उघडलंच नव्हतं. ज्याला वर जायची इच्छाही नव्हती त्याच्यासाठी सगळी दारं उघडतात, राजकन्या तलवारी उसन्या देतात, आणि जिला तारे बघायचे आहेत तिला सांगितलं जातं की तू निवडलेली नाहीस. निवडलेल्या मुलाची गोष्ट आपण लाख वेळा वाचतो. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या न निवडलेल्या मुलीला काय वाटत असेल हे लिहायला छाती लागते. ती नीच वागते, पुढेही वागत राहते, लेखक तिला माफही करत नाही. फक्त तिची मागणी खरी आहे, आणि तेच लोकांना बोचतं.

बाकी पुढे मालिका फार पसरली, नावं लक्षात ठेवायला वही लागते, ते मान्य.

मागचा बाक

उलटतपास, पांढरा तर पांढरा, मला चालतो. पण 'वीक हीरो'ला एवढ्यावर निकालात काढू नका. २०२२ च्या नाट्यमालिकेतला ओ बमसोक विसरलात?

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: खासदाराचा दत्तक मुलगा, घरी बापाचा मार, आधीच्या शाळेत पोरांचा मार. इथे त्याला पहिल्यांदा दोन मित्र मिळतात, सी-उन (म्हणजे आपला ग्रे) आणि सुहो. सुहो त्याला वाचवतो, जेवायला नेतो, हसवतो. आणि बमसोक बिनसतो कशावरून, तर सुहोने सोशल मीडियावर दुसऱ्या मुलीला फॉलो केलं आणि याला केलं नाही. एवढंसं. तो फोनकडे बघत बसतो तो प्रसंग मला बघवला नव्हता. तिथून पैसे टाकून माणसं आणण्यापर्यंत आणि सुहो कोमात जाण्यापर्यंत एक एक पायरी दिसते.

मार खाणारे सगळे सज्जन असतात हा साचा कुणी मोडला असेल तर याने. मार खाणाऱ्यांच्या बाकावर माझ्या शेजारीही असा एक जण होता. आणि तरी सांगतो, बमसोकचा मला रागच येतो. समजून घेऊनही येतो. सी-उनने शेवटी त्याच्यावर हात उचलायला हवा होता असं मला अजूनही वाटतं.

जागरणवाली

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बमसोकवर माझा निकाल लागत नाही, तो प्रसंग पुन्हा बघते. 'द बॉक्सर' आजच उघडते.

दोन गोष्टी. एक, 'गेट स्कूल्ड' मी मधेच सोडली, ती तुमच्या चौकटीत कुठे बसते? शाळेत मारायला बंदी आल्यावर पोरं शिक्षकांच्या डोक्यावर बसली, म्हणून सरकार एक खातं काढतं आणि त्याचा माणूस येऊन पोरांना, पालकांना, सगळ्यांना सरळ करतो. सुरुवातीला मजा आली. मग प्रत्येक भागात एक नवा नमुना आणि त्याला एक नवी थप्पड, असं सुरू झालं.

दोन, 'ओम्नीशियंट रीडर'चा पहिला प्रसंग मला ग्रे वाटला होता. मेट्रोच्या डब्यात अडकलेले लोक, आणि फर्मान: ठरल्या वेळात प्रत्येकाने किमान एक जीव मारायचा, नाहीतर स्वतः मरायचं. लोक एका म्हातारीवर धावून जातात. हे सगळं एका कादंबरीत लिहिल्याबरहुकूम घडतंय, आणि हिरो किम डोकजाने ती कादंबरी आधीच वाचलेली, त्यामुळे त्याला पळवाट ठाऊक आहे: जीव म्हणजे माणूसच असं कुठे म्हटलंय? एका मुलाजवळ किडे असतात. पण सगळ्यांना पुरतील इतके नसतात, आणि कुणाला द्यायचा हे तो ठरवतो. पुढे कथेत कामाला येणारी माणसं कोण, हे त्याला माहीत असतं ना! हे मला हृदय बंद पडायच्या धमकीपेक्षा कितीतरी जास्त बोचलं.

आणि उलटतपास, एक आगाऊ प्रश्न. ली तांगचं वकीलपत्र घ्याल का?

उलटतपास

'ओम्नीशियंट रीडर'बद्दल पूर्ण सहमत. तिथे मारण्यापेक्षा वाटप भयंकर आहे. माणसाची किंमत कथेतल्या उपयोगावर ठरवायची, हे आपण वाचक दर पानाला करतो. दुय्यम पात्र मेलं की आपण पुढे सरकतो. डोकजा तेच खऱ्या माणसांवर करतो आणि तरीही आपल्याला आवडतो, कारण तो आपल्यासारखाच वाचतो. एवढा जीवघेणा मुद्दा पहिल्याच प्रसंगात मांडलाय. पुढे प्रत्येक वेळी तेवढी धार राहत नाही, पण पुन्हा पुन्हा त्या जागी येतात.

'गेट स्कूल्ड' माझ्या चौकटीत बसतच नाही, तिथे खटलाही नाही, थेट शिक्षा. मूळ दुखणं खोटं नाही. जुलै २०२३ मध्ये सोलच्या एका प्राथमिक शाळेतल्या तरुण शिक्षिकेने जीव दिला तेव्हा हजारो शिक्षक आठवड्यामागून आठवडे रस्त्यावर उतरले होते. पण दर भागाला नवा नमुना लागतो, आणि नमुने संपले की ते कुठून तरी आणावे लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये एका भागातल्या वंशद्वेषावरून गदारोळ झाला, उत्तर अमेरिकेतल्या अ‍ॅपवरून ती मालिका काढून टाकली आणि कोरियातही काही काळ थांबवावी लागली. थप्पड मारायला चेहरा हवा असतो. तो शोधत शोधत लेखक कुठवर जातो ते तिथे दिसलं.

ली तांगचं वकीलपत्र? घेईन की. पहिल्या खुनापुरतं तर आनंदाने. कोरियन दंडसंहितेच्या कलम २१ मध्ये स्वसंरक्षणाची मर्यादा ओलांडली तरी शिक्षा कमी किंवा माफ करायची सोय आहे, आणि रात्रीच्या वेळी भीतीने, गोंधळून तसं घडलं असेल तर शिक्षाच नाही अशी तिसरी पोटतरतूद आहे. रात्र आहे, मार बसलेला आहे. न्यायालय कंजूष आहे हे वर म्हटलंच, पण लढण्यासारखी केस आहे. आणि मेलेला कोण होता हे मी युक्तिवादात एका शब्दानेही आणणार नाही, कारण हातोडी उचलताना माझ्या अशिलाला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या खुनाला माझ्याजवळ काही नाही. फार तर कबुलीजबाब देऊन शिक्षा कमी करून घे म्हणेन. आणि तो मला सांगेल की ताई, ती खुनी होती, मला कळतं. तिथे मी वकीलपत्र परत करेन. साँग चोनचं घेईन का, असं मात्र विचारू नका. तो फी आधी देईल की मला आधी मारेल, याचा भरवसा नाही.